सेल्व्हेज जीन्स: कापड अव्वल, खिशाचं अस्तर रद्दी

जीन्सचा उजवा खिसा आतून गेला. चौरस वाराला १४ औंस वजनाच्या जाड डेनिमला कुठे खरचटलेलंही नाही, शिवण जशीच्या तशी, आणि खिशाच्या तळाला बोट जाईल एवढं भोक. स्कूटरच्या किल्लीनं पाडलेलं. साडेसात हजारांची जीन्स आहे ही. पावसाळ्याच्या तोंडावर घेतली, तेव्हापासून आठवड्यातले बहुतेक दिवस अंगावर तीच असते, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही.

आधी कापड, कारण पैसे त्याचेच मोजले. शिवलेली भारतात, कापड जपानच्या ओकायामाकडचं, धोट्याच्या मागावर विणलेलं. आम्हा इचलकरंजीकरांना धोटा म्हणजे काय हे समजावावं लागत नाही. कांडीतला आडवा धागा घेऊन धोटा पलीकडे जातो, काठाशी वळतो, परत येतो. त्यामुळे कड आपोआप बंद होते. हा बंद काठ म्हणजेच सेल्व्हेज. बिनधोट्याच्या नव्या मागावर प्रत्येक आडवा धागा कडेला कापला जातो, म्हणून आत ओव्हरलॉक मारावा लागतो. धोट्याचा माग हळू चालतो आणि पन्हा देतो जेमतेम ३० इंच. एका जीन्सला जवळपास तीन वार कापड जातं. किंमत चढते ती इथे.

जपानी संशोधक साकिची तोयोदांचा १९२४ चा स्वयंचलित माग, ज्यात माग न थांबवता धोटा बदलतो, त्या घराण्याचे माग जपानात अजून डेनिम विणतात. अमेरिकेत ग्रीन्सबरोची व्हाइट ओक ही डेनिमची गिरणी १९०५ पासून चालू होती, ती २०१७ च्या अखेरीस बंद पडली. आणि आमच्याकडे धोट्याचे माग किलोच्या भावानं भंगारात जाताना बघतो तेव्हा पोटात तुटतं.

विकणारे सांगतात की काठामुळे जीन्स जास्त टिकते. तसं काही नाही. टिकणं सुतावर आणि वजनावर असतं. संथ मागाचा फायदा वेगळा आहे. ताण कमी बसतो, सुताचा जाड-बारीकपणा दाबला जात नाही, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात मांडीवर उभ्या, तुटक रेघा दिसतात. हात फिरवला की त्या बोटांना लागतातही.

सुरुवातीचे दोन महिने मात्र जीव नकोसा झाला. जेवायला मांडी घालून बसलं की गुडघ्यामागे कापड रुतायचं. पावसात भिजली की दुसऱ्या दिवशीही कंबरपट्टा ओलाच. सोफ्याच्या फिक्या कव्हरवर निळा डाग पडला, त्यावरून घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हा मित्राला मी स्पष्ट सांगितलं होतं, घेऊ नकोस.

दिवाळीनंतर त्यालाच फोन करून सांगितलं, घे. कारण रंग उतरायला लागला होता. डेनिमच्या उभ्या धाग्याला इंडिगोत बुडवतात, हवेत वर काढतात, पुन्हा बुडवतात. रंग बाहेरच्या थरावरच बसतो, गाभा पांढरा राहतो. घासलं की पांढरं वर येतं. माझ्या डाव्या मांडीवर मोबाइलचा चौकोन उमटलाय, गुडघ्यामागे घड्यांची जाळी, आणि बाहेरच्या शिवणीवर, आत उलगडून दाबलेल्या दोन काठांच्या वर, दोन समांतर फिक्या रेघा. ही जीन्स आता दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.

सहा महिने धुवू नका म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आपल्याकडच्या घामात ते जमत नाही, मळानं सूतही लवकर झिजतं. उलटी करून गार पाण्यात, हातानं, सावलीत वाळत. एवढं पुरे.

आता पुन्हा खिसा. फोटो पाठवले. कंपनीचं उत्तर: "नेहमीच्या वापरातली झीज, वॉरंटीत बसत नाही." फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, खिशात किल्ली ठेवणं टाळा." मी विचारलं, "मग खिसा दिलाय कशासाठी, मॅडम?" तिचा दोष नाही, तिला सांगितलेलं ती बोलत होती. पण ज्यांनी एवढं जीव ओतून विणलेलं कापड निवडलं, त्यांनीच अस्तराला असलं पातळ पॉपलीन लावावं? उजेडासमोर धरलं तर खिडकीचे गज दिसत होते. हात दिवसातून पन्नास वेळा जातो तो तिथेच. बाहेरचं काही दिसत नाही म्हणून तिथे पैसे वाचवायचे, ही वृत्ती मला सहन होत नाही.

शेवटी जीन्स घेऊन गल्लीतल्या टेलरमामांकडे गेलो.

"मामा, दोन्ही खिसे बदलायचेत."

मामांनी अस्तर चिमटीत चोळलं. "हे खिशाचं कापड न्हवं. मांजरपाट लावतो, जाड. जीन्स फाटंल, खिसा न्हाई."

दोन्ही खिशांचे १८० रुपये. तळाला दुहेरी शिवण. तेव्हापासून तीच किल्ली त्याच खिशात आहे आणि काही झालेलं नाही. ठोक भावात हाच मांजरपाट कंपनीला किती पडला असता, याचा विचार केला की अजून संताप होतो.

कापडाला पाचपैकी पाच, कंपनीला दोन. पुढची जीन्सही सेल्व्हेजच घेणार, फक्त दुसऱ्यांकडून. त्यांना मेल करून एकच प्रश्न विचारलाय, खिशाच्या अस्तराचं कापड कोणतं आणि किती वजनाचं. उत्तर आल्याशिवाय ऑर्डर नाही.