तेरची विटांची मंदिरे : एका अभ्याससहलीविषयी अभिप्राय

धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजेच प्राचीन तगर, येथील विटांचे बांधकाम दाखवणाऱ्या एकदिवसीय सहलीला मी नुकताच जाऊन आलो आणि केवळ त्रिविक्रम मंदिरापाशी घालवलेल्या तासाभरासाठीही तिचे शुल्क सार्थकी लागले, असे मला मनापासून वाटते. मागची बाजू अर्धगोल आणि छत गजपृष्ठाकार असलेली ही वास्तू चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, घडणीची असून, लेण्यांत कातळात कोरलेला तोच आकार येथे विटेवर वीट रचून उभारलेला दिसतो. पुढचा सपाट छताचा मंडप मात्र नंतरचा आहे. मार्गदर्शकांनी कोंडा मिसळून भाजलेल्या विटेचा तुकडा बादलीभर पाण्यात सोडला, तेव्हा तो खरोखरच तरंगला. भट्टीत कोंडा जळून गेल्यावर उरणाऱ्या बारीक छिद्रांमुळे वीट इतकी हलकी होते, हे त्यांनी छान उलगडून सांगितले. गोरोबाकाकांच्या गावात मातीची ही किमया पाहताना वेगळाच आनंद झाला.

उत्तरेश्वर मंदिरासाठी मात्र जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली, याची खंत वाटते. आयोजकांनी जेवणाचा वेळ कमी करून ती उणीव अवश्य भरून काढावी.