सुरुगाचोचा ठसा: छपाई चोख, फ्रेम घातकी

हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या एदो-मालिकेतलं (एदो म्हणजे आजचं टोकियो) सुरुगाचो हे 1856 सालचं बाजारपेठेचं चित्र. नव्यानं कोरलेल्या लाकडी ठोकळ्यांवरून हातानं छापलेली, बेळगावात फ्रेम केलेली प्रत इथे तपासली आहे.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना मित्सुई घराण्याच्या एचिगोया या कापडपेढीची दुकानं. ढगांच्या पट्ट्यावर थेट फुजी. सुरुगा प्रांताकडचा हा डोंगर इथून दिसे, म्हणून पेठेचं हे नाव. एचिगोया 1683 मध्ये या पेठेत आली. रोखीनं, एकच भाव, हा तिचा खाक्या. बेळगावच्या गणपत गल्लीत साडी घेताना घासाघीस करणाऱ्यांची तिथे पंचाईतच झाली असती.

प्रत आधी उलटी करून बघावी. हातछपाईचा रंग कागदात मुरून मागे उमटतो आणि बारेन या चकतीनं घासल्याच्या खुणा दिसतात. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर तो ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई. या प्रतीची पाठ स्वच्छ साक्ष देते. आकाशातली छटा ओल्या ठोकळ्यावर रंग विरवत आणलेली आहे, कुठे तुटत नाही. शीर्षकाच्या चौकटीतला लाल मात्र भडक. उजवीकडच्या छपरांचा रंग रेघेपासून केसभर सरकलाय. छपाई चालू असताना ओलसर कागद वाळला की आकसतो, मग पुढचा ठोकळा खुणेला बसत नाही. इतकं चालतं.

फ्रेम मात्र चालणार नाही. कागद काचेला टेकलेला, मागे हार्डबोर्ड, चारही कडांना सेलोटेप. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात काचेच्या आत ओल धरते, कागद काचेला चिकटतो, बुरशीचे तपकिरी डाग पडतात. टेपचा गोंद पिवळा पडून आत झिरपतो, तो निघत नाही.

फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगावं: अ‍ॅसिड नसलेला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), काच आणि कागदात किमान 3 मिलिमीटर अंतर. चित्र साधारण 36 बाय 24 सेंटीमीटरचं आहे, माउंटची खिडकी तेवढी मोजून कापावी. फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीनं. खळ पातळ आणि थोडीच लावावी, जाड थर कसरीला आमंत्रण देतो. बाकी तीन कडा मोकळ्या, कागद फुगतो-आकसतो त्याला जागा हवी. पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नये. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे वारा खेळतो.

छपाईला पाचपैकी चार. फ्रेमला शून्य. सुटी प्रत मिळत असेल तर तीच घ्यावी, आणि गुंडाळी करून नको, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट मागवावी.