कांदेवाडीत लग्नपत्रिका छापून घेतल्या, त्याबद्दल

धाकट्या बहिणीच्या पत्रिका आम्ही गिरगावात कांदेवाडीत केल्या, म्हणजे खाडिलकर रोड, चर्नी रोडला ईस्टला उतरून चालत जाता येतं. अख्खी गल्ली पत्रिकांच्या दुकानांचीच आहे त्यामुळे एका ठिकाणी नाही आवडलं तर शेजारी जायचं, हा सगळ्यात मोठा फायदा.

व्हरायटीबद्दल काही बोलायलाच नको. साध्या एकपानी कार्डापासून ते ड्रायफ्रूटच्या बॉक्सवाल्या पत्रिकेपर्यंत सगळं मिळतं. आईला वर गणपती हवाच होता, बहिणीला पैठणीच्या मोराची बॉर्डर, आणि बाबा प्रत्येक कार्ड उलटं करून किंमत बघत होते. दुकानवाले भराभर सॅम्पल काढून समोर टाकतात आणि अर्ध्या तासात सगळी कार्डं सारखीच दिसायला लागतात. किंमत विचारताना प्रिंटिंगसकट की कोऱ्या कार्डाची ते आधी स्पष्ट विचारा, बरेचदा सांगतात ती कोऱ्या कार्डाची असते आणि छपाई वेगळी लावतात.

पण मला विचाराल तर दुकान ठरवायचं ते मराठी सेटिंग, म्हणजे मजकूर टाइप करून कार्डावर बसवणं, कोण करतं ते बघून. कार्ड काय सगळ्यांकडे तेच असतं हो! आम्ही आधी ज्या दुकानात गेलो तिथलं कार्ड सुंदर होतं, मरून कागद, सोनेरी फॉइल, पण प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, आलं तर त्यात शुभाशीर्वादचा रफार भलत्याच अक्षरावर, आजोबांच्या नावामागचं कै. गायब आणि ते गायब होणं म्हणजे घरात काय झालं असेल बघा. आपण मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतो तो युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळ्या मोबाइलवर चालते त्या पद्धतीत असतो, त्यांच्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून जुने फॉन्ट चालतात, त्यात पेस्ट केलं की जोडाक्षरं फुटतात म्हणून ऑपरेटर सगळं परत टाइप करतो, आणि त्याला मराठी नीट येत नसेल तर मग संपलंच. दुरुस्त करून द्या म्हटलं तर "इतना कौन पढता है" असं उत्तर मिळालं. आमच्याकडे आत्या मुहूर्तापासून आपले विनीतपर्यंत सगळं वाचते, तिथून उठलोच आम्ही.

मग ज्यांच्याकडे केलं ते दुकान छोटं आहे, आतल्या बाजूला, एसी वगैरे काही नाही. पण सेटिंग करणारे काका स्वतः मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात. आमच्या येथे श्रीकृपेकरून पासून सुरुवात केली, चि. सौ. कां. नंतर जागा किती सोडायची, काका-काकूंच्या नावांचा क्रम, शके बरोबर आहे का, सगळं विचारून घेतलं. निमंत्रकांची नावं खूप झाली होती तर फॉन्ट बारीक करण्यापेक्षा दोन कॉलम करू म्हणाले. फॉइलमध्ये बारीक मजकूर नको, अनुस्वार आणि वेलांट्या भरून जातात, हेही त्यांनीच सांगितलं, म्हणून गणपती आणि वधूवरांची नावं तेवढी सोनेरी आणि बाकी सगळं क्रीम कागदावर गडद मरून शाईत. हॉलच्या मॅपचा क्यूआर कोडसुद्धा सोनेरी नको, काळाच ठेवा म्हणाले, चकाकीमुळे मोबाइलला पकडत नाही. ह्या माणसाला मी दहापैकी दहा देईन!

प्रूफ मोबाइलवर बघून ओके करू नका, कागदावर प्रिंट मागा आणि घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या हातात द्या. आमच्या आजीला चष्मा लावून हॉलचा पत्ता वाचता आला तेव्हाच फायनल केलं.

तक्रार म्हणाल तर डिलिव्हरी सांगितलेल्या तारखेला नाही मिळाली, उशीर झाला. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात त्यामुळे दिवाळीच्या आसपास तिथे तुफान गर्दी असते, शक्यतो गणपती झाले की लगेच ऑर्डर देऊन टाका. रविवारी जाणार असाल तर फोन करून दुकान उघडं आहे का विचारून जा. भूक लागली तर जवळच ठाकूरद्वारला विनयची मिसळ आहे.

आणि हो, पत्रिका थोड्या जास्तच छापून घ्या, नंतर पंचवीस हव्यात म्हटलं की मशीन परत लावायचा खर्च पूर्ण पडतो. पाकिटंही जास्तीची मागून घ्या, हळदकुंकवाची बोटं लावताना आणि नावं घालताना खराब होतातच, आम्हाला त्यांनी ती फुकट दिली.