नवं फ्रंट लोड वॉशिंग मशीन, खराब बेअरिंग आणि तो ओटीपी: काही महिन्यांच्या वापरानंतर

कपडे स्वच्छ निघतात, पाणी कमी लागतं, लोकरी कपड्यांचा प्रोग्रॅम तर फारच छान. मॉडेलबद्दल एवढं पुरे, बाकी माहिती सगळीकडे आहे. मला लिहायचंय ते तक्रार बंद करताना मागतात त्या ओटीपीबद्दल.

नवं कोरं मशीन. पहिल्याच आठवड्यात स्पिन (कपडे पिळण्यासाठी ड्रमचं फिरणं) मिनिटाला १२०० फेऱ्यांवर गेलं की आतून घरघर सुरू. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: फरशी समपातळीत नसेल, कपडे एका बाजूला गोळा होत असतील. ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेले होते, स्पिरिट लेव्हल लावून पाय जुळवलेले होते, आणि ड्रम रिकामा ठेवून स्पिन लावलं तरी तोच आवाज. मग कपड्यांचा दोष कुठून आला? हाताने वर उचलून पाहिला तर आतला ड्रम बाहेरच्या टबमध्ये खडखड हलत होता. म्हणजे ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंगच खराब.

तंत्रज्ञ आले, पाय पुन्हा जुळवले आणि म्हणाले, "मॅडम, ओटीपी आलाय तो सांगा, कॉल क्लोज करतो." मी म्हटलं, आवाज तसाच आहे, ओटीपी देणार नाही. "तुम्ही द्या तर, काही वाटलं तर परत कॉल टाका."

इथेच सगळी मेख आहे. तो ओटीपी दिला की कंपनीच्या नोंदीत ग्राहकाचं समाधान झालं. पुन्हा फोन केला की नवा तक्रार क्रमांक, पुन्हा "पाय जुळवून बघतो". एकच दोष कागदावर चार किरकोळ, सुटलेल्या तक्रारींसारखा दिसतो, आणि मशीन बदलून मागायला आधारच उरत नाही. दुरुस्ती झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका. कितीही आर्जव केलं तरी नाही.

सुरुवातीला राग त्या तंत्रज्ञाचा आला होता. आता तो तसा राहिला नाही. कॉल उघडा राहिला तर जाब त्यांनाच विचारतात, हे त्यांनी सांगितलं. आणि मी ठामपणे मागितल्यावर त्यांनीच जॉबशीटवर (भेटीत काय आढळलं, काय केलं याच्या नोंदीचा कागद) लिहून दिलं: रिकाम्या ड्रमला आवाज, ड्रममध्ये प्ले (म्हणजे ढिलेपणा). पुढे कामाला आला तो हाच कागद. जॉबशीटवर नुसतं "चेक केले, ओके" असेल तर सही करू नका.

सर्व्हिस सेंटरने मग बेअरिंग बदलून देतो म्हटलं, आणि वर एएमसी (पैसे भरून घ्यायचा वार्षिक देखभाल करार) घ्या असा सल्ला! पूर्ण पैसे मोजलेलं मशीन आठवड्यात उघडून ठोकाठोकी करायची, आणि त्यासाठी आणखी पैसे? मी नकार दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (लागू २० जुलै २०२० पासून) याच्या कलम ३९ नुसार जिल्हा ग्राहक आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा किंमत परत करायला सांगू शकतो, शिवाय नुकसानभरपाईही. कंपनीच्या वॉरंटी कार्डावर "फक्त दुरुस्ती" छापलं म्हणून आयोगाचे हे अधिकार संपत नाहीत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन हुकूम काढू शकत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते. पण सोबत बिल, जॉबशीट, रिकाम्या ड्रमचा व्हिडिओ आणि ओटीपी न दिल्यामुळे अजून उघडाच असलेला तक्रार क्रमांक होता. तोवर फोनवर टोलवाटोलवी करणाऱ्या कंपनीने मशीन बदलून दिलं.

बदललेलं मशीन कित्येक महिने बिनआवाज चालतंय, म्हणून मॉडेलला पूर्ण गुण. सेवेला मात्र एकही देणार नाही, कारण वॉरंटी अजून जुन्या बिलाच्या तारखेपासूनच मोजताहेत. नव्या मशीनचा सीरियल नंबर असलेलं पत्र मी भांडून घेतलंय. ते घेतल्याशिवाय जुनं मशीन दाराबाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर बिलावर एक नंबर आणि मशीनवर दुसरा, आणि पुढच्या तक्रारीला तेच कारण सांगून हात वर करतील. वॉरंटीची तारीख बदलून द्या असा ईमेल पाठवलाय, उत्तर आलेलं नाही.