छोटा पिकअप की मोठा? मॅव्हरिक आणि एफ-१५०

अमेरिकेत जुनी छोटी फोर्ड रेंजर २०११ मध्ये बंद झाली, तेव्हा छोट्या पिकअपला आता गिऱ्हाईक नाही असं सगळे धरून चालले. मग फोर्डचीच छोटी पिकअप, २०२२ च्या मॉडेलची मॅव्हरिक, वीस हजार डॉलरच्या आत जाहीर झाली आणि तिच्या हायब्रिडची (पेट्रोल इंजिन अधिक विजेची मोटर) मागणी इतकी आली की फोर्डला काही काळ बुकिंगच थांबवावं लागलं. गिऱ्हाईक होतंच, त्याच्यासाठी गाडी नव्हती.

मॅव्हरिकचा सांगाडा मोनोकॉक, म्हणजे कारसारखा एकसंध. त्यामुळे खड्ड्यांत आदळआपट कमी, चढणं-उतरणं सोपं. हायब्रिड शहरात लिटरमागे जवळपास १८ किलोमीटर देते. हौदा साडेचार फुटांचा. सायकली, बागेची माती, छोटं फर्निचर आरामात मावतं. वजन साधारण ६८० किलोपर्यंत पेलते. बहुतेक घरांना यापेक्षा जास्त कधी लागतं?

फोर्डची मोठी पिकअप एफ-१५०. तिची चॅसी म्हणजे खालचा सांगाडा वेगळा, त्यावर बॉडी बसवलेली. आठ फुटी हौदा मिळतो, आणि योग्य इंजिन घेतलं तर पाच टनांहून जास्त ट्रेलर ओढते. मॅव्हरिक जास्तीत जास्त १.८ टन. बांधकामाचं सामान किंवा घोड्यांचा ट्रेलर रोजचा असेल तर प्रश्नच नाही, मोठीच घ्या. पण पार्किंगला त्रास आणि इंधनाचा खर्चही रोजचाच.

खपात एफ-१५० आणि तिच्या मोठ्या बहिणींची एफ-मालिका आजही कितीतरी पुढे आहे. तरी वर्षातून दोनदा ट्रेलर ओढणाऱ्याला मी मॅव्हरिकच सुचवेन. त्या दोन दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने मिळते.