इंट्राओरल स्कॅनर: डेमोत दिसतो तसा आणि चेअरवर वागतो तसा

डेमोच्या दिवशी इंट्राओरल स्कॅनर, म्हणजे तोंडात फिरवून दातांचं डिजिटल माप घेणारा कॅमेरा, प्लास्टिकच्या मॉडेलवर फिरतो आणि बघता बघता अख्खा जबडा पडद्यावर उभा राहतो. त्या मॉडेलला लाळ सुटत नाही, त्याची जीभ मध्ये येत नाही, हिरडीतून रक्त येत नाही. त्यामुळे अशा डेमोवरून मशीन घ्यायचं की नाही हे ठरवू नये. खऱ्या तोंडातली वरची शेवटची दाढ गालाच्या बाजूने स्कॅन करून दाखवा म्हणायचं. टिपचं, म्हणजे तोंडात जाणाऱ्या टोकाचं, डोकं जाड असेल तर गाल आणि जबड्याच्या हाडामध्ये ती अडकते, आणि ब्रोशरमधल्या मिलीमीटरवरून हे कळत नाही.

तंत्र तसं जुनं आहे. झुरिकमध्ये सेरेक या स्कॅन करून कोरणाऱ्या यंत्रणेने पहिलं इनले (दाताच्या खाचेत बसणारं भरण) १९८५ साली बनलं. पुढे कित्येक वर्षं स्कॅनच्या आधी दातांवर पांढरी पूड फवारावी लागायची. आताच्या बहुतेक स्कॅनरना ती लागत नाही, मात्र चकचकीत धातूच्या जुन्या क्राऊनवर (दातावरच्या टोपीवर) अजूनही अडखळायला होतं.

एक क्राऊन किंवा तीन युनिटचा (तीन दातांचा) ब्रिज असेल तर स्कॅन हा पुट्टी (घट्ट) आणि लाईट बॉडी (पातळ) या माप घ्यायच्या मटेरियलच्या तोडीस तोड. अट एकच, मार्जिन (तयार केलेल्या दातावर क्राऊन जिथे संपतो ती कड) उघडं दिसलं पाहिजे. लाईट बॉडी दाबाने हिरडीच्या आत थोडी तरी शिरते, प्रकाश शिरत नाही. जे दिसलं नाही तिथली फट सॉफ्टवेअर अंदाजाने बुजवतं. पडद्यावर छान गुळगुळीत रेषा दिसते आणि क्राऊन बसवताना नेमका तिथेच प्रोब अडकतो. म्हणजे स्कॅनर आला म्हणून हिरडी बाजूला सारणारी कॉर्ड (दोरी) सुटली असं होत नाही, ती आणखी नीट लावावी लागते. खाली ट्रिपल झिरो (अगदी बारीक), तिच्यावर जाड कॉर्ड. दोन्ही जागेवर असतानाच बाकीचा क्वाड्रंट (त्या बाजूचा अर्धा जबडा) स्कॅन करून घ्यायचा, पडद्यावर तेवढा तयार केलेला दात खोडून टाकायचा, मग वरची कॉर्ड ओली करून काढायची, हवा मारायची आणि फक्त तो दात पुन्हा स्कॅन करायचा. कोरडी कॉर्ड ओढली की रक्त आलंच. या क्रमाने गेलं की उघड्या मार्जिनवर काही सेकंदांचंच काम उरतं, आणि लाळ परत साचायला तेवढाच वेळ असतो.

हाताचा रस्ताही ठरलेला हवा. शेवटच्या दाढेच्या चावायच्या बाजूने सुरुवात, तिथून पुढे, मग जिभेची बाजू, शेवटी गालाची. खालचे पुढचे दात अरुंद असल्यामुळे तिथे ट्रॅकिंग तुटतं. टिप नागमोडी हलवत नेली की टिकतं. स्कॅनर छोटे छोटे तुकडे घेऊन ते एकमेकांना जोडत जातो, आणि प्रत्येक जोडाची बारीकशी चूक पुढच्यात मिसळते. म्हणून पूर्ण कमानीत (अख्ख्या जबड्यात) दुसऱ्या टोकाच्या दाढा किंचित सरकलेल्या येऊ शकतात. नाईट गार्डला (रात्री दातांवर घालायच्या पट्टीला) ते चालून जातं, सहा इम्प्लांटवरच्या एकसंध ब्रिजला नाही. नव्या मशीनवर पहिल्याच महिन्यात असली केस घेणं हा शुद्ध उतावळेपणा.

बाइट, म्हणजे दात मिटल्यावर वरचे-खालचे कसे जुळतात त्याचा स्कॅन, दोन्ही बाजूंनी घ्यावी. पडद्यावर संपर्काचे रंगीत ठिपके दिसतात. तोंडात आर्टिक्युलेटिंग पेपर (चावल्यावर खूण उमटवणारा रंगीत कागद) लावून तेच ठिपके तिथेच उमटतात का, हे ताडून पाहायचं. एका बाजूला गर्द आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं दिसलं तर बाइट तिरकी जोडली गेली आहे, परत घ्या. हे टाळलं की क्राऊन उंच येतो आणि बोलणी क्राऊन बनवणारी लॅब खाते.

लॅबशी बोलणं मशीन घेण्याआधीच झालं पाहिजे. स्कॅन लॅबला फाइल म्हणून जातो; एसटीएल प्रकारच्या फाइलमध्ये रंग नसतो, पीएलवायमध्ये असतो, आणि रंग असला की दात कुठे संपला नि हिरडी कुठे सुरू झाली हे टेक्निशियनला कळतं. सिमेंटसाठी किती जागा सोडायची, मार्जिन कोण आखणार, हेही ठरवून ठेवावं. मिलिंगचा बर (क्राऊन कोरणारं फिरतं हत्यार) स्वतःच्या जाडीपेक्षा बारीक कोपरा कोरू शकत नाही. प्रेपची (घासून तयार केलेल्या दाताची) धार टोकदार ठेवली तर तिथे क्राऊन आतून जास्त कोरला जातो आणि सैल बसतो. कडा गोल करणं हे डॉक्टरचं काम आहे, मशीनचं नव्हे.

सुरुवातीचे दोन आठवडे स्टडी मॉडेल आणि नाईट गार्डच करा. नंतर साधारण दहा क्राऊनना स्कॅन आणि पुट्टी दोन्ही घ्या. क्राऊन स्कॅनवरून बनवून घ्यायचा आणि पुट्टीतून ओतलेल्या मॉडेलवर आधी बसवून बघायचा. खटकलं तर चूक कुठल्या टप्प्यात आहे ते पेशंट चेअरवर यायच्या आत कळतं. असिस्टंटपैकी एकीलाच आधी तरबेज करा, सगळ्यांना एकदम शिकवलं की कोणालाच येत नाही. आणि या काळात अपॉइंटमेंट मोकळ्या ठेवा. पहिले स्कॅन रेंगाळतातच.

देखभालीचं थोडक्यात. टिप ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करायच्या फेऱ्या मोजलेल्या असतात. कंपनीने दिलेला आकडा संपायच्या आधीच टिपमधला आरसा धुरकट दिसू लागला तर टिप बदला. पेशंट यायच्या आधी मशीन सुरू करून टिप गरम होऊ द्या, नाहीतर श्वासाने आरशावर वाफ धरते. चेअरचा दिवा स्कॅन करताना बाजूला वळवा. मशीन एका खोलीतून दुसरीकडे हलवलं तर कॅलिब्रेशन करून घ्या. लॅपटॉप चार्जरला जोडलेलाच ठेवा, बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड मंदावतं आणि स्कॅन झटके खात चालतो. करारात एक ओळ शोधा: वार्षिक शुल्क भरलं नाही तर जुन्या केसेस बाहेर काढता येतात की नाही? विक्रेता इथे हमखास विषय बदलतो.

दात नसलेल्या जबड्याच्या कवळीसाठी मात्र ट्रे आणि मटेरियलच बरं. तिथली हिरडी हलते, आणि गुळगुळीत टाळूवर स्कॅनरला ओळखीची खूण सापडत नाही. मार्जिन खोल असून रक्त थांबतच नसेल, तर त्या दिवशी स्कॅनचा हट्ट धरू नये. नीट पॉलिश केलेला टेम्पररी क्राऊन बसवून हिरडीला दोन आठवडे द्यायचे आणि मग स्कॅन घ्यायचा.