आरसी बुकावर न दिसणारा बोजा

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. चार व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं), दोन लेथ, एक सरफेस ग्राइंडर. यातली तीन मशीनं जुनी घेतलेली. जुनं मशीन बघायला गेलो की मी रंगाकडे बघत नाही. स्पिंडल हाताने फिरवतो, बॉलस्क्रूला प्ले, म्हणजे सैलपणा, किती ते डायल लावून तपासतो, कंट्रोलरवर चाललेले तास वाचतो आणि मगच समोर आलेल्या चहाला हात लावतो. अशा माणसाला एका गाडीवाल्याने कशी टोपी घातली, ते लिहितोय. लाज वाटते, पण माझ्या ओळखीतले दोघे सध्या त्याच वाटेवर आहेत, म्हणून लिहितोय.

गाडी २०१३ची बीएमडब्ल्यू झेड ४. दोन सीट, पत्र्याचं घडी होणारं छप्पर, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन, ३०६ अश्वशक्ती. कॉलेजात असल्यापासून दोन दारांच्या उघड्या गाडीचं वेड. नवी होती तेव्हा पासष्ट-सत्तर लाखांच्या घरातली. २०२२च्या दिवाळीच्या सुमारास अशा गाडीला लोक सव्वीस-सत्तावीस मागत होते. दिल्लीच्या एका डीलरकडे एक दिसली, पांढरी, मीटर ३४,२००, किंमत साडेएकवीस. इतकी स्वस्त का, याचं उत्तर त्याने मी विचारायच्या आधीच देऊन टाकलं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी कायम ठेवली, म्हणून तिथे जुन्या गाड्यांना भाव नाही, महाराष्ट्रात मात्र तीच गाडी सोनं. नियम तेव्हा खरा होता. खऱ्या गोष्टीच्या पोटात खोटी गोष्ट गुंडाळून दिली की ती सहज गळ्याखाली उतरते, हे मला तेव्हा सुचलं नाही. उलट, आपण बाजाराची नस पकडली असंच वाटलं.

मी खर्चाचं विचारलं नाही असं नाही. विचारलं. त्याचं उत्तर मला शब्दन्‌ शब्द आठवतं, कारण ते व्हॉइस नोटमध्ये आहे: "मेंटेनन्स कुछ नहीं है सर, साल का पचास-साठ हज़ार. आप बस चाबी घुमाओ." टायर? "पिछले साल ही डाले हैं." सर्व्हिस? "फुल रेकॉर्ड." गिअरबॉक्स ऑइल? "वो तो लाइफटाइम होता है सर." कोणाचं लाइफटाइम, हे मी विचारायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मी बरोबर मागितली होती. टोकन देण्याआधी गाडी तिथल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन तपासून घेऊ, तपासणीचे पैसे मी देतो. यावर तो हसला. "सर, वहाँ जाएगी तो वो लोग बिल ही फाड़ेंगे ना." त्याऐवजी त्याने आपल्या माणसाकडून रिपोर्ट पाठवला, चौदा पानी, प्रत्येक रकान्यात हिरवी खूण, स्कॅनरच्या पानावर 'फॉल्ट शून्य'. मी समाधानाने मान डोलावली. जुन्या मशीनच्या मालकाने मला डायल लावू दिला नसता, तर मी त्याच पावली परत आलो असतो. पण तिथे डोक्याने काम केलं असतं. इथे सतराव्या वर्षी बघितलेल्या गाडीच्या पोस्टरने केलं.

कॅरियरने गाडी पुण्यात आली. पत्नीने औक्षण केलं, शेजारची पोरं गोळा झाली, मी छप्पर उघडून दाखवलं. पंधरा दिवस फार सुखाचे गेले, तेही सांगायला हवं.

सोळाव्या की सतराव्या दिवशी ताम्हिणीत, ऐन चढावर, डॅशबोर्डवर तापमानाची लाल खूण आली आणि इंजिनने जीवच सोडला. फ्लॅटबेडवरून गाडी खाली आणली. या इंजिनाचा वॉटर पंप बेल्टवर चालत नाही, विजेवर चालतो. आधी कुरकुर, मग गळती असा इशारा तो बहुधा देत नाही, चालता चालता बंद पडतो. झिजणारा भाग आहे, इतक्या वर्षांच्या गाडीत तो जाणारच. थर्मोस्टॅटसकट ७८,००० रुपये. गाडीवर माझा राग नाही, हे इथेच सांगून ठेवतो. जे तिला वेळेवर मिळायला हवं होतं ते कोणी दिलं नाही आणि दिलं नाही हे माझ्यापासून लपवलं गेलं. तक्रार त्याची आहे.

ते लपवलं कसं, हे कळलं ते काकांमुळे. काका म्हणजे आमच्याच भागातले एक फोरमन, तीस वर्षं फक्त जर्मन गाड्या. त्यांनी आधी ऑइल फिल्टर बाहेर काढला. डांबर. मी म्हटलं, मीटरवर तर पुढची सर्व्हिस वीस हजार किलोमीटरनंतर दाखवतोय. ते म्हणाले, तो आकडा ऑइल बघून येत नाही, डॅशबोर्डचं बटण दाबून धरलं की नव्याने सुरू होतो, ऑइल बदललेलं असो वा नसो. मग त्यांनी तो चौदा पानी रिपोर्ट माझ्या फोनवर वाचायला घेतला. स्कॅनरच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरात पाच ओळी होत्या, प्रत्येकीपुढे 'अपूर्ण'. गाडी स्वतःच्या प्रदूषणविषयक यंत्रणेच्या चाचण्या चालता चालता घेत असते. कोणी बिघाडाचे कोड पुसले की त्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि पुऱ्या व्हायला गाडी काही दिवस वेगवेगळ्या वेगाने चालवावी लागते. "फॉल्ट शून्य नाहीत हो," काका म्हणाले, "पाटी पुसलीय. आदल्या दिवशी."

मग ते टायरपाशी बसले. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. समोरच्या दोन्हींवर २२१६, म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. 'पिछले साल' डालेले टायर सहा वर्षांचे होते, वरून काळं पॉलिश. खाचांत नख घातलं तर रबर लाकडासारखं. या गाडीला पुढे-मागे वेगळ्या मापाचे रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर) लागतात, त्यामुळे पुढचे मागे फिरवून वेळ मारून नेता येत नाही. चार टायर १,१६,०००.

किलोमीटरचं बिंग फुटलं ते दुसऱ्या चावीने. या गाड्यांच्या चावीत शेवटच्या वापराच्या वेळचे किलोमीटर साठवले जातात. गाडीचं मीटर मागे फिरवणाऱ्याने सगळं फिरवलं होतं, पण मूळ मालकाच्या खणात पडून राहिलेली जादा चावी त्याच्या हाती लागली नसावी. डीलरने ती सीलबंद पाकिटात मला अगदी कौतुकाने दिली होती. काकांच्या ओळखीच्या एकाने ती यंत्रावर वाचली: ५७,८६०. आरसी माझ्या नावावर झाल्यावर मी चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथली शेवटची नोंद जून २०१८, ६१,४८० किलोमीटर. त्यानंतर काहीच नाही. म्हणजे किमान एकसष्ट हजार नक्की, आणि पुढची चार वर्षं गाडी किती धावली ते तिलाच ठाऊक. 'फुल रेकॉर्ड' म्हणून मला मिळालेल्या झेरॉक्स बिलांवरचे चासी नंबरचे शेवटचे आकडे तर दुसऱ्याच गाडीचे निघाले. मी ते एकदाही ताडून पाहिले नव्हते.

पुढचं वर्ष भराभर सांगतो. सकाळी स्टार्टर लांबत चालला आणि गाडी अर्ध्या ताकदीवर जायला लागली. पेट्रोलचा हाय प्रेशर पंप आणि तीन इंजेक्टर, २,४०,०००. 'लाइफटाइम' गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर, ७२,०००. जुनं ऑइल बघून काका काही बोलले नाहीत, फक्त डबा माझ्यासमोर ठेवला. ऑइलची गळती थांबवायला गॅस्केटं आणि चारही चाकांच्या ब्रेक डिस्क-पॅड, १,४८,०००. जूनच्या पहिल्या पावसात छप्पर अर्ध्यावर अडकलं. मी औंधच्या सिग्नलला, गाडी उघडी, आणि आजूबाजूचे दुचाकीवाले मोबाइल काढून शूटिंग करतायत. हायड्रॉलिकचं तेल गळून कमी झालेलं आणि छपराच्या खाचेतलं पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या पाल्याने गच्च. १,३५,०००. एकूण बेरीज सात लाख एकोणनव्वद हजार. यात पुणे आरटीओचा कर, विमा, कॅरियर धरलेलं नाही. त्याचे सव्वातीन लाख वेगळे. पत्नी एवढंच म्हणाली की, जुनी का होईना, आणखी एक व्हीएमसी आली असती.

आता मी जे शिकलो ते, साध्या भाषेत. शेत घेताना आपण सातबारा काढतो आणि इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे का ते बघतो. गाडी घेताना आरसीवर बँकेचं नाव आहे का ते बघतो. पण आधीच्या मालकाने टाळलेलं ऑइल, न बदललेले पंप, लांबवलेले ब्रेक, हाही बोजाच असतो आणि तो कोणत्याही कागदावर चढत नाही. गाडीबरोबर तो तुमच्या नावावर होतो. दिल्लीच्या माणसाने मला गाडी पाच लाखांनी स्वस्त दिली नाही. आठ लाखांची उधारी माझ्या गळ्यात बांधली आणि वर पाच लाखांची सूट दिल्याचा आव आणला.

आणि दुसरी गोष्ट, जी कोणी ठणकावून सांगत नाही: गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. सत्तर लाखांच्या गाडीचा इंजेक्टर ती वीस लाखांना विकली गेली म्हणून वीस लाखांच्या गाडीचा होत नाही. म्हणून बजेट कधीही हातातल्या किमतीवर काढू नका, ती गाडी नवी असतानाच्या किमतीवर काढा. माझा स्वतःचा हिशेब असा बसलाय की सगळा बोजा फेडून झाल्यावरही नव्या किमतीच्या तीनेक टक्के दर वर्षी जातातच. दुसऱ्या वर्षी काही मोठं बिघडलं नाही तरी दोन लाख दहा हजार लागले. पहिल्या वर्षासाठी खरेदीच्या किमतीचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात बाजूला काढता येत नसेल, तर ती गाडी परवडत नाही, मग हप्ता कितीही बसत असो. मला तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त लागला. तपासणीला पंधरा-वीस हजार गेले तरी जाऊ द्या. गाडी नाही घेतली तरी ते पैसे वाया गेले म्हणू नका. आणि विकणारा अधिकृत सेंटरचं नाव काढल्यावर हसला, तर तिथूनच परत फिरा.

डीलरने अर्थातच हात वर केले. पावतीच्या मागे 'जहाँ है, जैसी है' छापलेलं आणि कागदोपत्री गाडी मला थेट आधीच्या मालकाने विकलेली. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर डीलरचं नाव कुठेच नाही, तो नुसता मध्यस्थ. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि विक्रीसाठी ताब्यात घेतलेल्या गाडीची नोंद करावी लागते. माझा व्यवहार त्याच्या चार-पाच महिने आधीचा. आता घेणाऱ्यांनी ते प्रमाणपत्र मागावं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दिल्लीच्या चकरा माराव्या लागत नाहीत, पण दोन वर्षांच्या आत करावी लागते. मी पुण्यात केली आहे. व्हॉइस नोटा, तो चौदा पानी रिपोर्ट, टायरचे फोटो, चावीतली नोंद, सर्व्हिस सेंटरचं पत्र, सगळं जोडलंय. तारखा पडतायत. वकील म्हणतात व्हॉइस नोटा ज्या फोनवर आल्या तो फोन विकू नका, म्हणून तो जुना फोन कपाटात चार्ज करून ठेवतो.

गेल्या महिन्यात गाडी विकायला काढली. जाहिरातीत लिहिलं: मीटर ४१,३००, प्रत्यक्षात किमान ६८,५००, सोबत सगळी बिलं. पहिल्या दोन दिवसांत एकही फोन नाही. तिसऱ्या दिवशी मुंबईहून एका एजंटचा आला. "साहेब, गाडी छान ठेवलीय तुम्ही. पण ६८ कशाला लिहिता? मीटरवर ४१ आहे ना? आम्ही बघून घेतो पुढचं."

मी नको म्हटलं. काकांचा निरोप आहे, ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली, रविवारी आण.